होमवर्क नसलेलं वर्ष : नागपूरच्या एका सातवीतल्या मुलीचं प्रकरण

हे प्रकरण २०२४-२५ या शैक्षणिक वर्षातलं. मानेवाड्याकडच्या एका कुटुंबानं सहावी संपताच मुलीचा दाखला काढला आणि तिला पूर्णपणे ऑनलाइन चालणाऱ्या शाळेत घातलं. होमवर्क अजिबात नाही आणि प्रत्येक मुलाचा अभ्यास त्याच्या गतीनं, अशी त्या शाळेची हमी. वडील हिंगणा एमआयडीसीत शिफ्टमध्ये, आई बँकेत, घरी आजी. मुलगी तेव्हा बारा वर्षांची. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि शाळांची नावं घेतलेली नाहीत. मी निवृत्त गणित शिक्षक. मुलीचे मोठे काका माझ्या शेजारी राहतात. त्या ओळखीनं तिच्या गणितावर वर्षभर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं. त्यामुळे इथे गणिताबद्दल जास्त आणि बाकी विषयांबद्दल कमी लिहिलं आहे.

वह्या पूर्ण, गणित कच्चं

मुलगी सेमी-इंग्रजी शाळेत होती. पावणेसातला व्हॅन, दोनला घरी, पाच ते सात ट्यूशन, जेवण, मग आधी शाळेचा होमवर्क आणि त्यानंतर ट्यूशनचा. झोपायला अकरा वाजत. होमवर्क राहिला असं कधी झालं नाही. वह्या नीटनेटक्या, समास आखलेले, प्रत्येक पानावर लाल शाईची बरोबरची खूण. आणि गणितात मात्र सहामाहीला काठावर पास. उत्तरं कुठून येत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं : थोडी गाईडमधून, थोडी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोंतून. दर रविवारी संध्याकाळी पोट दुखायला लागायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही. दिवाळीच्या सुटीत दुखणं आपोआप थांबलं, तेव्हा आईनं ओळखायचं ते ओळखलं.

केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात होमवर्कची मर्यादा लिहिलेली आहे. दुसरीपर्यंत अजिबात नको, तिसरी ते पाचवी आठवड्याला जास्तीत जास्त २ तास, सहावी ते आठवी रोज १ तास, नववीपासून रोज २ तास. या मुलीच्या शाळेचा होमवर्क तासाच्या फार पलीकडे जात नव्हता. त्यावर ट्यूशनचा तेवढाच चढायचा, आणि दोन्हीकडची प्रकरणं वेगवेगळी. माझं मत मी तेव्हाच सांगितलं होतं की ट्यूशन बंद करून बघा, अर्धं दुखणं तिथेच थांबेल. वडील म्हणाले, "सर, ट्यूशन सोडली तर पोरगी मागं पडते, असं सारेच म्हणून राह्यले." ट्यूशन सोडायला घाबरणारा माणूस पुढच्या दोन महिन्यांत अख्खी शाळा सोडायला तयार झाला. वरवर हे उफराटं वाटतं, पण पालकांच्या जागी बसून पाहिलं तर कळतं. ट्यूशन सोडणं म्हणजे हातातलं काहीतरी घालवणं. नवी शाळा म्हणजे काहीतरी मिळवणं, आणि तिचं माहितीपत्रक चांगल्या कागदावर छापलेलं होतं.

त्या माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचा १९८४ चा निष्कर्ष होता. एका मुलाला एक शिक्षक आणि आधीचं पक्कं झाल्याशिवाय पुढं जायचं नाही ही शिस्त, असं दोन्ही मिळालं तर सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढं जातं. निष्कर्ष खरा आहे, पण नंतरच्या संशोधनात एवढा मोठा फरक क्वचितच दिसला. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा माणसानं दिलेल्या शिकवणीचा परिणाम ब्लूम यांच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी निघाला. उदाहरण सोडवताना प्रत्येक पायरी तपासणारे संगणक-कार्यक्रम मात्र माणसाच्या अगदी जवळ पोचलेले दिसले. जाहिरातीला पहिला आकडा सोयीचा. मला दुसरा जास्त उपयोगाचा वाटतो, कारण फायदा कशातून होतो हे तो सांगतो : मूल चुकतं त्याच पायरीवर कुणीतरी हटकतं, यातून.

निदान

शाळेनं सुरुवातीला एक लांबलचक चाचणी घेतली. बरोबर उत्तर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की त्याच्या मुळाशी असलेला सोपा. यामागची कल्पना जुनी आहे. ज्याँ-पॉल द्वान्यों आणि ज्याँ-क्लोद फाल्मान्य यांनी १९८५ मध्ये तिची गणिती मांडणी केली : विषयातली कुठली गोष्ट आल्याशिवाय कुठली येऊ शकत नाही याचा नकाशा काढायचा, मूल त्या नकाशात कुठे उभं आहे ते शोधायचं आणि तिथून जी दारं उघडतात तेवढीच दाखवायची. मुलीचा निकाल असा आला : भूमिती सातवीची, पूर्णांक संख्या सहावीच्या, अपूर्णांक चौथीचे.

वडिलांना हा अपमान वाटला. "सातवीतल्या पोरीले चौथीचं काऊन देऊन राह्यले? मागं नेऊन राह्यले का पुढं?"

मी कागद-पेन्सिल घेऊन तिच्यासमोर बसलो. ३/४ + २/५ दिलं. तिनं समच्छेद करून २३/२० असं चोख उत्तर काढलं. मग विचारलं, हे एकापेक्षा जास्त की कमी? ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सर, अजून काही करायचं आहे का यात?" ३/७ मोठा की ३/८? तर ३/८, कारण आठ मोठे. ०.५, ०.३५ आणि ०.१२५ यांत सगळ्यात मोठी संख्या ०.१२५, कारण त्यात अंक जास्त. म्हणजे रीत येत होती आणि संख्या दिसत नव्हती. सहावीच्या वहीत अशा बेरजांची पानंच्या पानं होती, सगळी बरोबर.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. तिची तिसरी २०२०-२१ मध्ये झाली आणि चौथी २०२१-२२ मध्ये. राज्यात पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला १ डिसेंबर २०२१ पासून परवानगी मिळाली आणि जानेवारीत शाळा पुन्हा काही काळ बंद झाल्या. ज्या दोन वर्षांत मूल भाकरीचा चतकोर, दोरीचा पाव भाग, फुटपट्टीवरची अर्धी-पाऊण खूण असं हातानं हाताळतं, ती दोन वर्षं हिनं आईच्या मोबाइलवर, बहुतेक वेळा आवाज बंद करून काढली. पाचवीत परत आली तेव्हा वर्ग सममूल्य अपूर्णांकांवर पोचला होता आणि गणित इंग्रजीत सुरू झालं होतं. ऑनलाइन शाळेनं जी भोकं पाडली ती बुजवायला पुन्हा ऑनलाइन शाळाच, हा विनोद घरातल्या कुणालाच आवडला नाही, पण काकांनी तो केलाच.

वडिलांची समजूत काढायला मी त्यांना दिल्लीतल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियन यांचा हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली सहावीची मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागं होती. शाळा सुटल्यावर ती एका केंद्रात यायची, आठवड्यातून सहा दिवस, दीड तास. निम्मा वेळ संगणकावर प्रत्येकाच्या पातळीचा सराव, निम्मा वेळ छोट्या गटात शिक्षकासोबत. साडेचार महिन्यांत गणितात ठळक फरक पडला. म्हणजे आपली मुलगी काही जगावेगळी नाही, एवढं वडिलांना पटलं. या अभ्यासातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. ती मुलं केंद्रात येऊन बसत होती, समोर माणूस होता. घरी नेऊन करायचं काम तिथे यशाचं कारण नव्हतं.

सरावाची जागा बदलली

ऑनलाइन शाळेचं वेळापत्रक साधं होतं. सकाळी साडेआठला सुरुवात, थेट वर्गाची दोनच सत्रं, प्रत्येकी चाळीस मिनिटांची. (केंद्राच्या जुलै २०२० च्या 'प्रज्ञाता' मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच सत्रांची मर्यादा होती. ती इथे पाळली जात होती हे नोंदवायला हवं, कारण साथीच्या काळात ती सगळीकडे पाळली गेली नाही.) बाकीचा वेळ सरावाचा. प्रत्येकासमोर आपापल्या पातळीची उदाहरणं, आणि शिक्षिकेच्या पडद्यावर कोण कुठे अडलं आहे याची यादी. अडलेल्याला शिक्षिका ऑनलाइनच वेगळ्या खोलीत बोलवत. साडेबाराला लॅपटॉप बंद. त्यानंतर शाळेचं काही उरत नसे.

लोक याला 'होमवर्क नाही' म्हणतात. माझ्या मते होमवर्क होताच. तो रात्री नऊ ते अकरा ऐवजी सकाळी दहा ते बारा आला होता आणि एकटीनं करायच्या ऐवजी कुणाच्या तरी डोळ्यांसमोर होत होता. सगळा फरक या दुसऱ्या गोष्टीनं पडला. नेहमीच्या शाळेत सोमवारी घरी केलेली चूक गुरुवारी वही तपासून येते तेव्हा कळते, आणि तोवर ती पंधरा-वीस वेळा गिरवून झालेली असते. यात शिक्षकाला दोष देणं सोपं आहे. शिक्षण हक्क कायद्यात उच्च प्राथमिकला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक लिहिला आहे. प्रत्यक्षात वर्गात पन्नास आणि तुकड्या चार. दोनशे वह्या. बरोबरची खूण करायला दोन सेकंद लागतात, चूक कुठून आली हे वाचायला दोन मिनिटं. दोनशेला गुणून पाहा, म्हणजे लाल शाई नुसती उत्तरावरच का थांबते ते कळेल.

होमवर्कनं काही साधतं की नाही यावर हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आधीच्या संशोधनाचा आढावा घेतला होता. खालच्या वर्गांत होमवर्क आणि गुण यांचा संबंध क्षीण, सातवीपासून वर तो जास्त पक्का, असं त्यात दिसतं. आपली मुलगी नेमकी सातवीत. तेव्हा पहिली-दुसरीच्या मुलाचा होमवर्क काढणं आणि हिचा काढणं एकसारखं नव्हतं. इथे काढलेल्याच्या जागी काय ठेवलं याचा हिशेब द्यावा लागणार होता.

हिरवे ठिपके

जुलै छान गेला. पोटदुखी थांबली, मुलगी नऊला झोपू लागली, संध्याकाळी कॉलनीत बॅडमिंटन. ऑगस्टमध्ये वडिलांनी मला ऑनलाइन शाळेचं पालकांसाठीचं प्रगतीचं पान दाखवलं. हिरवा ठिपका म्हणजे तो भाग पक्का झाला. अपूर्णांकांचे सगळे ठिपके हिरवे, ९२ टक्के, ९५ टक्के. चौथी, पाचवी झाली, सहावी सुरू. मी त्याच आठवड्यात कागदावर दहा उदाहरणं दिली. चार आली.

ती सोडवताना मी शेजारी बसलो तेव्हा उलगडा झाला. 'मदत' हे बटण तीनदा दाबलं की शेवटची पायरी दिसते. मग तेच उदाहरण आकडे बदलून येतं. ती पायरी बघून आकडे बसवायचे. मुलीनं यात लपवण्यासारखं काही मानलं नव्हतं. तिच्या दृष्टीनं गाईड पुस्तकातून पडद्यावर आलं होतं. रायन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास अमेरिकेतल्या शाळांत अशा कार्यक्रमांवर बसलेल्या मुलांचं निरीक्षण करून हीच चलाखी नोंदवली होती, आणि जी मुलं असं करतात ती कमी शिकतात हेही. जगभरची मुलं सारखीच.

शाळेच्या शिक्षिकेशी बोललो. बाई तरुण होत्या, ऐकून घेणाऱ्या होत्या. तीन बदल ठरले. मदतीचं बटण एका उदाहरणाला एकदाच. दर पाचवं उदाहरण कागदावर सोडवायचं आणि कॅमेऱ्यासमोर धरून दाखवायचं, उत्तरासकट सगळ्या पायऱ्या. आणि ठिपका त्याच दिवशी हिरवा करायचा नाही. दहा-बारा दिवसांनी न सांगता तीच गोष्ट पुन्हा विचारायची, तेव्हा आली तर हिरवा.

या तिसऱ्या बदलाला भक्कम आधार आहे. विसरण्याचा वेग हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून मोजला होता. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं की उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे कॉलेजचे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे असतात आणि आठवड्यानंतरच्या चाचणीत मागे पडतात. पुढे असतात ते, ज्यांनी मधल्या काळात न बघता आठवायचा प्रयत्न केला. चांगल्या होमवर्कमध्ये हे थोडंफार आपोआप व्हायचं, कारण शाळा आणि रात्र यांत काही तास जायचे. होमवर्क काढला तेव्हा हे अंतरही नकळत निघून गेलं होतं.

सप्टेंबरमध्ये निम्मे ठिपके परत पिवळे झाले. वडिलांचा फोन आला, "सर, हे तर घसरून राह्यलं." मी म्हटलं, आता खरं दिसायला लागलं. त्यांना ते पटायला दिवाळी उजाडली.

आजी आणि पाऊणकी

या प्रकरणात ज्यांचा उल्लेख कुठल्याच माहितीपत्रकात नसतो त्या म्हणजे आजी. चौथी शिकलेल्या. सुरुवातीला त्यांचं म्हणणं होतं, "पोरगी शिकून राह्यली का खेळून राह्यली, मले काही समजत नाही." पण सकाळभर घरात मोठं माणूस म्हणून त्याच होत्या. लॅपटॉपवर दुसरी खिडकी उघडली की त्यांना यंत्र कळत नसलं तरी नातीचा चेहरा कळायचा.

एक दिवस ०.७५ × ३ पडद्यावर होतं. मुलगी मोठ्यानं वाचत होती. आजींनी भाजी निवडता निवडता म्हटलं, "सव्वादोन." मुलगी चमकली. मग आजींनी पाऊणकी म्हणून दाखवली : एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. निमकी, पावकी, सवायकी, दिडकी, सगळ्या पाठ. आमच्या पिढीनं हे पाढे दशांश पद्धत आल्यावर टाकून दिले. पण या मुलीच्या डोक्यात पाऊण ही संख्या पहिल्यांदा एका ठिकाणी जाऊन बसली ती त्या दिवशी. पुढे आठवडाभर आजींनी रोज थोडं विचारलं : पाव किलो तीसला, तर पाऊण किलो केवढ्याला? दीड पाव? याला कुणी वैयक्तिक शिक्षण म्हणणार नाही. मी म्हणतो.

म्हणूनच हेही स्पष्ट लिहितो. आई-वडील दोघं बाहेर आणि घरी कुणी नाही, अशा घरात हा प्रयोग चालला नसता. व्हॅन आणि ट्यूशनचे वाचलेले पैसे ऑनलाइन शाळेच्या फीत जवळपास जमा झाले, त्यामुळे खर्च सारखाच असं वडील सांगतात. त्या हिशेबात आजींची सकाळ धरलेली नाही.

जे जमलं नाही

मराठी. नवी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीचा तास आठवड्याला एक, आणि तोही रिकाम्या जागा भरण्याचा. गणिताची पायरी यंत्राला तपासता येते, निबंधाचा परिच्छेद येत नाही. मुलाच्या पातळीशी जुळवून घेणारं जे काही सॉफ्टवेअर होतं ते मराठीपाशी येऊन जोड्या लावा एवढंच उरलं. सहावीपर्यंत छान मराठी लिहिणारी मुलगी जानेवारीत 'मी पोहचली होती तिथे' असं लिहू लागली. राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० चा आहे. मुलीला पुढे इथल्याच शाळेत परतायचं असेल तर ही उणीव गणितापेक्षा महाग पडणार होती. आईनं मग रोज रात्री वर्तमानपत्रातली एक बातमी वाचून ती पाच ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे होमवर्कच. पण त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही, मुलीनंही नाही.

सोबत. हे मी थोडक्यात लिहितो, कारण यावर पालकांशिवाय कुणी बोलू नये असं मला वाटतं. जुन्या मैत्रिणी सुरुवातीला भेटायच्या, नंतर त्यांच्या ट्यूशनमुळे जमेना. जुन्या शाळेच्या गॅदरिंगचे फोटो आले त्या दिवशी मुलगी जेवली नाही. शनिवारी रामन विज्ञान केंद्रात नेणं, कॉलनीतलं बॅडमिंटन, तान्हा पोळ्याला काकांकडे सगळी भावंडं, हे सगळं झालं. पण रोज सहा तास बरोबरीच्या मुलींमध्ये असणं वेगळंच.

तिसरी गोष्ट लक्षात यायला मला वेळ लागला. होमवर्कचं एक काम सरावाचं असतं, तसंच एकट्यानं अडून बसायची सवय लावण्याचंही असतं. उत्तर बरोबर की चूक हे लगेच कळण्याची या मुलीला इतकी सवय झाली की कागदावर लांब उदाहरण दिलं की दोन ओळी लिहून ती वर बघायची. टिकमार्कची वाट बघत. चूक लगेच कळणं ज्या कारणासाठी चांगलं, त्याच कारणानं ते इथे आड येत होतं.

कूलरचं पाणी

यावर शिक्षिकेनं महिन्याला एक लांब प्रश्न द्यायला सुरुवात केली. मुदत नाही, गुण नाहीत, मदतीचं बटण नाही. पहिले एक-दोन प्रश्न मुलीनं बाजूला सारले. एप्रिलमध्ये तिनं स्वतःच प्रश्न काढला. नागपूरचा एप्रिल म्हणजे कूलरची टाकी भरणं हे घरातल्या मुलांचं काम, आणि दिवसातून किती वेळा भरायची यावर तिचं आणि वडिलांचं वाजायचं. तिनं बादल्या मोजायला घेतल्या. कोरड्या, रणरणत्या दिवशी पाच. मेमध्ये आभाळ भरून आलं त्या दिवसांत तीन, आणि थंडावाही कमी. हवेत आधीच ओल असेल तर पाणी कमी उडतं आणि पाणी कमी उडालं तर गारवाही कमी, हे तिला विज्ञानाच्या पुस्तकात सापडलं.

गणिताचा पेच त्यापुढे पडला. पाचाचे तीन झाले म्हणजे ४० टक्क्यांनी कमी. मग ढग गेल्यावर ४० टक्क्यांनी वाढले तर परत पाच व्हायला हवेत. तिनं करून पाहिलं, तर तीनाचे ४० टक्के १.२, एकूण ४.२. तिला वाटलं गुणाकार चुकला. पुन्हा केला. तेच. मला फोन आला नाही, शिक्षिकेलाही विचारलं नाही. दोन दिवस ते वहीत तसंच पडून होतं, फुली मारलेलं, परत लिहिलेलं. तिसऱ्या दिवशी खाली एक ओळ होती : 'पहिले ४० टक्के पाचाचे आहेत, दुसरे ४० टक्के तीनाचे आहेत, म्हणून ते सारखे नाहीत.' आणि त्याखाली, तिनावरून पाचावर जायला किती टक्के वाढ लागेल याचा हिशेब, ६६ आणि वर २/३. ते २/३ तिनं दशांशात लिहिलं नव्हतं. का, विचारलं तर म्हणाली, "संपतच नव्हतं सर ते."

जूनमध्ये ३/८ ला ३/७ पेक्षा मोठा म्हणणारी हीच मुलगी. वर्षभरातल्या सगळ्या टक्केवाऱ्यांऐवजी हे एक पान मी शाळेला दाखवलं. आजींनी ते बघून विचारलं, "मंग हा होमवर्कच झाला ना वं बाई?" मुलगी म्हणाली, नाही, कारण हा मला कुणाला द्यायचा नव्हता.

परतीचा प्रश्न

मे महिन्यात घरात ठरलं की आठवी परत शाळेत. कारण मराठी आणि मैत्रिणी, याच क्रमानं आईनं सांगितलं. मुलीनं उलट्या क्रमानं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे हाताशी वेळ होता.

कागदपत्रांची बाजू अशी. ऑनलाइन शाळेचं प्रगतिपत्रक इथली शाळा दाखला म्हणून धरत नाही, तिथे यूडायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक लागतो. सुदैवानं जुन्या शाळेचा दाखला, आधार आणि सहावीचं प्रगतिपुस्तक जपून ठेवलं होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ नुसार सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, हा मुख्य आधार. तो चालला नसता तर राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची आठवी स्तराची परीक्षा, आणि पुढे वयाची चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून पाच विषय घेऊन दहावी, असे रस्ते मी वडिलांना लिहून दिले होते. ज्यांना ऑनलाइन शाळेत जायचं आहे त्यांनी हे रस्ते आधी पाहावेत आणि मग फी भरावी, असं माझं मत आहे.

घराजवळच्या एका शाळेत मुख्याध्यापिकांना भेटलो. कायद्यानं प्रवेशासाठी चाळणी परीक्षा घेता येत नाही, म्हणून बाईंनी 'नुसती पातळी बघायला' एक कागद दिला. गणितात सरळव्याज आणि व्यस्तप्रमाण, म्हणजे बालभारतीच्या सातवीच्या पुस्तकातलं. ते आलं. मराठीचं पत्रलेखन अर्धवट राहिलं. बाईंनी ते वाचून सांगितलं की शाळा उघडेपर्यंत रोज एक पान लिहवून घ्या. मग वर्गाबद्दल बोलताना म्हणाल्या की आठवीत रोज साधारण तासभर होमवर्क असतो.

मुलीनं विचारलं, "मॅडम, तो तपासतं कोण? आणि कधी?"

वडील अवघडले. मुख्याध्यापिका मात्र अवघडल्या नाहीत. म्हणाल्या, गणिताचा शनिवारी, वर्गातच, मुलं एकमेकांच्या वह्या तपासतात आणि सर मधून फिरतात. इंग्रजीचा पंधरा दिवसांनी. बाकीच्या विषयांचा जसा जमेल तसा.

मुलीनं आईकडे पाहिलं आणि म्हणाली, गणिताचा चालेल. फॉर्म त्याच दिवशी भरला. ट्यूशन लावायची की नाही यावर घरात अजून एकमत नाही.